चिनी भाषेचे मराठी विद्यार्थी



शेजाऱ्याची भाषा येत नसली म्हणजे त्याच्याविषयींचें आपलें ज्ञान तिसऱ्याच्या तोंडून आलेलें असतें. हा तिसरा कितीही प्रामाणिक असला, तरी तो आपल्या समजुतीप्रमाणें कांहीं सांगतो व कांहीं गाळतो. चीनच्या बाबतींत आपली स्थिति फार दिवस अशीच आहे. सकाळीं उठून आपण जो चहा पितों त्याचें नांव मूळ चिनी. लोणचें ठेवतों ती बरणी चिनी मातीची. परंतु त्या देशांतील माणूस समोर येऊन बोलूं लागला, तर आपण लगेच इंग्रजीचा आधार शोधूं लागतों.

अलीकडे या स्थितींत एक लहानसा, पण लक्षांत घेण्याजोगा फरक पडत आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आमच्या उपनगरांतील घरांत तरुण मुलेंमुली इंटरनेटवर चिनी मालिका पाहूं लागलीं आहेत. पडद्याच्या खालच्या कडेस दोन ओळी उमटत असतात; एक चिनी लिपींत, दुसरी इंग्रजींत. यांना सबटायटल्स म्हणतात. कांहीं महिने असें पाहिल्यावर त्यांतील एखादी मुलगी चिनी शब्द उच्चारूं लागते, पुढें वाक्यें बोलूं लागते. शिक्षक नाहीं, वर्ग नाहीं, फी नाहीं. घरांतील वडील माणसें विचारतात, "याला अभ्यास म्हणावें कीं करमणूक?" या प्रश्नाचा निकाल लावण्यापूर्वीं, आपलीं माणसें ही भाषा यापूर्वीं कशी शिकलीं, किंवा कां शिकलीं नाहींत, हें पाहणें उपयोगाचें होईल.

इतिहासांत या बाबतींत पहिलें पाऊल आपलें नव्हे, चीनचें आहे. ह्यूएनत्संग हा बौद्ध भिक्षु इ. स. ६२९ मध्यें चीनहून निघाला. नालंदा येथें शीलभद्र या आचार्यांजवळ त्यानें अध्ययन केलें आणि इ. स. ६४० च्या सुमारास तो महाराष्ट्रांत आला. त्या वेळीं येथें चालुक्यराज दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक साधे व मानी आहेत. उपकार विसरत नाहींत व अपकाराचा सूड घेतल्यावांचून राहत नाहींत. हरलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून स्त्रीचीं वस्त्रें देतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. मराठी माणसाचें परकीयानें काढलेलें हें एक अत्यंत जुनें शब्दचित्र होय. परंतु तें आपल्या हातीं कसें आलें? झ्युलियाँ या फ्रेंच पंडितानें १८५७-५८ सालीं तें फ्रेंचमध्यें आणलें. सॅम्युएल बील यानें १८८४ सालीं इंग्रजींत आणलें. आणि त्या इंग्रजीवरून आपण तें मराठींत वाचलें. आपल्याच घराचें वर्णन, पण पाहिलें तें दुसऱ्याच्या चष्म्यांतून!

पुढें मुंबईचा चीनशीं मोठा व्यापार सुरू झाला. मग तरी भाषा यावयास नको होती काय? येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १७५७ सालापासून चीनच्या बादशहानें पाश्चात्त्य जहाजांचा सर्व व्यापार कँटन या एकाच बंदरांत कोंडून ठेवला होता, आणि परकीयांना चिनी भाषा शिकविणें हें तेथें धोक्याचें काम होतें. १७५९ सालीं फ्लिंट नांवाच्या इंग्रजानें चिनी भाषेंत लिहिलेला तक्रारअर्ज उत्तरेकडे नेऊन बादशहापर्यंत पोंचविला. त्याबद्दल त्याला तीन वर्षें कैद झाली. पण अर्ज लिहिण्यास ज्या चिनी माणसानें साहाय्य केलें, त्याचा शिरच्छेद झाला. जेथें भाषेची मदत करणें प्राणावर बेतत होतें, तेथें शिक्षक कोण मिळणार?

म्हणून कँटनच्या बाजारांत एक तिसरीच बोली चालत असे. तिला पिजिन म्हणत. इंग्रजी शब्द चिनी वाक्यरचनेच्या सांच्यांत ओतून ती बनलेली होती. भाव ठरवावयाला, माल मोजावयाला ती पुरे. सुखदुःख सांगावयाला अपुरी. मुंबईचे व्यापारी कापूस व अफू घेऊन याच बाजारांत जात. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३-१८५९) यांनीं तरुणपणीं चीनच्या अनेक सफरी केल्या आणि त्या व्यापारांत अपार संपत्ति मिळविली. त्यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं दिलेल्या १,५७,००० रुपयांतून माहीमचा कॉजवे उभा राहिला व १८४५ सालीं पुरा झाला. माहीम आणि वांद्रें त्यामुळें जोडलीं गेलीं आणि साष्टी बेटावरील गांवांना, म्हणजे आजच्या आमच्या उपनगरांना, मुंबईची वाट खुली झाली. चीनच्या व्यापारांतून आमच्या दारापर्यंत रस्ता आला, चहा आला, रेशीम आलें. भाषा मात्र कँटनच्या धक्क्यावरच राहिली. त्या व्यापारांत अफू होती आणि अफूनें चीनचें काय झालें, हें आपणांस ठाऊक आहे. ज्याच्या घरांत आपण विष पोंचवितों त्याचें बोलणें आपल्याला कळत नसलें, तर मन फार अस्वस्थ होत नाहीं, हाही या कथेचा एक भाग आहे.

चिनी भाषेकडे मराठी माणूस अभ्यासक म्हणून वळला तो विसाव्या शतकांत, आणि तो वळला डोळ्यांच्या वाटेनें. बौद्धांचे पुष्कळ ग्रंथ आपल्या देशांतून नाहींसे झाले होते; त्यांचीं भाषांतरें चिनी व तिबेटी भाषांत शिल्लक होतीं. आपलाच ठेवा परत मिळवावयाचा तर त्या भाषा शिकणें भाग होतें. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील दोन प्राध्यापकांनीं हें काम अंगावर घेतलें. प्रा. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनीं 'अक्षरशतक' या लहानशा ग्रंथाचें चिनी व तिबेटी साधनांवरून केलेलें भाषांतर १९३० सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें प्रसिद्ध झालें. प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनीं 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या दोन ग्रंथांची तुलना १९३७ सालीं प्रसिद्ध केली. यांपैकीं 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ मुख्यतः जुन्या चिनी भाषांतरांतच टिकून राहिला होता. एक एक अक्षर कोशांत पाहावयाचें, पालीशीं ताडून पाहावयाचें, मग पुढचें अक्षर. अशी ही साधना होती. तिच्यांत चिनी भाषा दिसत होती, पण ऐकूं येत नव्हती. सहाव्या शतकांतील भाषांतरकाराला ती बोलकी करीत होती. बाजारांतील भाजीवाल्याला नव्हे.

कानाची वाट दाखविली ती एका डॉक्टरानें. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला व वैद्यकीचें शिक्षण मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत झालें. जपाननें चीनवर आक्रमण केलें तेव्हां चीननें डॉक्टरांची मागणी केली आणि काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्यें हे पांचजण मुंबई बंदरांतून निघाले. पथकांतील इतर मंडळी कालांतरानें परत आली. कोटणीस आले नाहींत. उत्तर चीनमधील डोंगराळ युद्धभूमींत ते रुग्णालय चालवीत राहिले आणि जानेवारी १९४१ मध्यें बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले.

या माणसानें चिनी भाषा कशी शिकली असेल? पुढ्यांत जखमी शिपाई. तो शेतकऱ्याचा मुलगा. कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, हें त्याला स्वतःच्याच बोलींत सांगतां येणार. दुभाष्या हाताशीं असेलच असें नाहीं. शब्द चुकला तर रोग्याच्या चेहऱ्यावर तत्काळ कळणार. असा वर्ग आणि अशी परीक्षा कोणत्या शाळेंत मिळेल? कोटणीस चिनी बोलूं लागले, लिहूं लागले. तेथील वैद्यक विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवूं लागले आणि त्यांच्यासाठीं शस्त्रक्रियेचें पाठ्यपुस्तकही त्यांनीं लिहावयास घेतलें. परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान या तरुणीला या परदेशी डॉक्टराचें प्रथम कौतुक वाटलें तें त्यांना चिनी बोलतां-लिहितां येत होतें याचेंच. १९४१ सालीं त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजीं मुलगा झाला. त्याचें नांव ठेवलें 'इन्-ह्वा'. 'इन्' म्हणजे हिंदुस्थान, 'ह्वा' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, कोटणीस वारले. पाठ्यपुस्तक अपुरें राहिलें.

चारच वर्षांनीं, १९४६ सालीं, व्ही. शांताराम यांनीं मुंबईच्या राजकमल कलामंदिरांत 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनीं केली व चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनीं. प्रेक्षक गहिंवरले. परंतु आपण आज भाषेच्या दृष्टीनें पाहूं लागलों तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या बोलपटांतील चिनी माणसें हिंदुस्थानी बोलतात! यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. तसें केलें नसतें तर तो बोलपट कोणाला कळला नसता. पण ज्या भाषेसाठीं कोटणीसांनीं इतके कष्ट घेतले, ती भाषा त्यांच्याच कथेंतून अशी पुसली गेली.

डोळा आणि कान या दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या श्री. वसंत परांजपे यांच्या ठिकाणीं. १९४७ सालीं चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर जे भारतीय विद्यार्थी पेकिंगला गेले, त्यांत ते होते. विद्यापीठांत ग्रंथ आणि बाहेर रस्त्यावर बोली, असें त्यांचें दुहेरी शिक्षण झालें. पुढें ते आपल्या वकिलातींत काम करूं लागले आणि ऑक्टोबर १९५४ मध्यें पंडित नेहरू व माओ यांची पेकिंगला भेट झाली तेव्हां दुभाष्याचें काम या मराठी माणसाकडे आलें. दोन प्रचंड राष्ट्रांचे नेते समोरासमोर बसले आहेत, आणि एकाचें मन दुसऱ्याला कळावें हें एका माणसाच्या कानावर व जिभेवर अवलंबून आहे. अशा वेळीं भाषा येणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

त्यानंतर आठ वर्षांनीं, १९६२ सालीं, युद्ध झालें. चिनी भाषा ही हौसेनें शिकण्याची वस्तु आहे ही भावना मध्यमवर्गीय घरांतून जवळजवळ मावळली. ती सैन्याच्या, परराष्ट्रखात्याच्या व थोड्या विद्यापीठांच्या आवारांत राहिली. जून २०२० मध्यें गलवान खोऱ्यांत पुन्हा रक्त सांडलें. त्याच महिन्याच्या २९ तारखेस सरकारनें ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. २०२० मध्येंच बंद पडलेलीं दोन देशांतील थेट विमानें ऑक्टोबर २०२५ मध्यें पुन्हा सुरू झालीं. अशा चढउतारांतही आमच्या उपनगरांतील तरुण पिढी खासगी खोलींत बसून ही भाषा ऐकत आहे, ही गोष्ट मला नवलाची वाटते.

आतां ज्या ओळींच्या आधारानें ती ऐकत आहे, त्यांकडे वळूं. पडद्यावर अक्षरें दाखविणें ही कल्पना मुंबईला नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत कॉरोनेशनमध्यें लागला, तेव्हां मूकपटांतील कथा मराठी, हिंदी व इंग्रजी पाट्यांवरच समजून घ्यावी लागत होती. अलीकडे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेंतील श्री. ब्रिज कोठारी यांनीं १९९६ सालापासून या कल्पनेचा शिक्षणासाठीं उपयोग करून घेतला. चित्रपटगीताचे शब्द त्याच भाषेंत पडद्यावर उमटवावयाचे, म्हणजे अर्धवट साक्षर माणूस गाणें ऐकतां ऐकतां वाचूं लागतो. कान पुढें चालतो, डोळा त्याचें बोट धरतो.

चीनमध्यें तर स्वदेशी प्रेक्षकांसाठींही पडद्यावर चिनी अक्षरें दाखविण्याची रीत आहे. याचें कारण समजावून घेण्यास आपल्याला माझगांवपर्यंत जावें लागेल, त्यापुढें नाहीं. तेथें डॉकयार्ड स्टेशनाजवळ १९१९ सालचें एक चिनी मंदिर आहे. त्याचें नांव 'सी यप कून'. 'सी यप' म्हणजे चार परगणे. कँटनकडील ज्या चार परगण्यांतून ते लोक मुंबईस आले, त्यांचा हा निर्देश. पण पेकिंगचा मनुष्य तींच दोन अक्षरें 'स् ई' अशीं वाचील. अक्षर एक, अर्थ एक, उच्चार निराळा. आपण '५' हा आंकडा लिहिला तर मराठी माणूस 'पांच' म्हणतो, तमिळ माणूस 'ऐंदु' म्हणतो, तसें हें आहे. चीनमध्यें अशा बोली पुष्कळ आहेत व एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाचें बोलणें समजूं शकत नाहीं. म्हणून १९५६ सालीं तेथील सरकारनें पेकिंगच्या उच्चारावर आधारलेली सार्वदेशिक भाषा, जिला बाहेर मँडरिन म्हणतात, शाळांतून सक्तीनें सुरू केली. १९५८ सालीं तिच्यासाठीं 'पिनयिन' ही रोमन लेखनपद्धति मान्य केली. ज्याला ती भाषा कानानें नीट कळत नाहीं त्याला खालच्या अक्षरांनीं कळते. चिनी लोकांच्या घरगुती सोयीसाठीं पडलेली ही रीत परदेशी विद्यार्थ्याला अनायासें क्रमिक पुस्तक होऊन बसली. तिला इंग्रजी ओळ पुढें जोडली गेली. २००७ सालीं सुरू झालेल्या 'विकी' या संस्थळावर तर हौशी स्वयंसेवकच मालिकांचीं भाषांतरें करून ओळी जोडतात.

या अभ्यासांत मराठी विद्यार्थ्याला एक मोठी अनुकूलता आहे, आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. रोमन पद्धतींत ज्याला 'बी' लिहितात तो मँडरिनमध्यें 'ब' नसून बहुधा आपला 'प' आहे. 'पी' लिहितात तो 'फ'. तसेंच 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क' आणि 'के' म्हणजे 'ख'. इंग्रजाला 'प' व 'फ' यांतील भेद ओळखण्यास महिने लागतात; आपण तो पाळण्यांत शिकतों. राजधानीचें नांव आपण इंग्रजीवरून 'बीजिंग' म्हणतों; चिनी तोंडून ऐका, तें 'पेइ-चिंग' असें ऐकूं येईल. 'चार' व 'चारा' या दोन शब्दांतील 'च' निराळा आहे, हें मराठी मुलाला शिकवावें लागत नाहीं. मँडरिनमध्यें या दोहोंशीं मिळतेजुळते दोन उच्चार आहेत. कोटणीसांचें चिनी नांव रोमन लिपीवरून 'के दी ह्वा' असें वाचलें जातें. तें खरोखर 'ख ती ह्वा' या उच्चाराच्या जवळ आहे. तेव्हां वहींत शब्द टिपून घ्यावयाचे तर ते देवनागरींत टिपावे, असें मी एक जुना शिक्षक म्हणून सुचवितों.

अडचण येते ती स्वरांची. मँडरिनमध्यें एकच 'मा' सपाट उंच स्वरांत म्हटला तर आई, चढत्या स्वरांत ताग, खालीं जाऊन वर आला तर घोडा, आणि झटक्यानें उतरला तर रागें भरणें! पण घरांतील आजी 'हं' एवढाच शब्द होकार, प्रश्न, संशय आणि धाक अशा चार सुरांत म्हणते, आणि नातवंडांना चारही अर्थ बिनचूक कळतात. ही शक्ति आपल्यांत आहे. फक्त ती भावनेकडून शब्दार्थाकडे वळवावयाची आहे. आणि तें काम कोशानें होत नाहीं, पुनःपुन्हां ऐकण्यानेंच होतें. या ठिकाणीं मालिका शिक्षकापेक्षां सरस आहे. शिक्षक दहादां तेंच वाक्य म्हणतांना कंटाळतो. ती कंटाळत नाहीं.

आतां इंग्रजी ओळीची कथा ऐका. चिनी कुटुंबांत वडिलांचा थोरला भाऊ 'प्वो-प्वो', धाकटा भाऊ 'षू-षू', आईचा भाऊ 'च्यौ-च्यौ'. खालची इंग्रजी ओळ तिघांनाही एकच शब्द लावते, 'अंकल'. वडिलांची बहीण 'कू-कू' आणि आईची बहीण 'ई-मा'. इंग्रजींत दोघीही 'आंट'. ज्या घरांत मामा आणि काका यांचे मान, थट्टा आणि अधिकार निराळे आहेत, आत्या आणि मावशी यांची माया निराळी आहे, त्या घरांतील मुलीला मूळ चिनी शब्द जवळचा वाटतो आणि इंग्रजी भाषांतर परकें. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांसही तेथें निरनिराळे शब्द आहेत. धाकट्या भावाचा शब्द रोमन अक्षरांत 'दीदी' असा दिसतो, त्यामुळें आपल्या मुली हसतात. उच्चार मात्र 'ती-ती' असा आहे. 'जेवलात काय?' हा आपल्याकडे केवळ प्रश्न नसून कुशल विचारण्याची रीत आहे. पेकिंगच्या जुन्या वस्त्यांतही लोक एकमेकांना तेंच विचारीत. इंग्रजी ओळ तेथें 'हॅलो' असें घालून मोकळी होते. पिजिनच्या काळीं कँटनच्या बाजारांत जें गळत होतें, तेंच आज पडद्यावर गळत आहे.

म्हणून या पद्धतीचे गुण मान्य करूनही तिच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, इंग्रजी ओळ चालूं असेपर्यंत डोळा तिलाच चिकटतो व कान झोपीं जातो. शंभर भाग पाहून शंभर शब्द न येणारी माणसें असतात, तीं यामुळेंच. दुसरी ही कीं, लोकप्रिय मालिकांपैकीं पुष्कळ राजवाड्यांतल्या असतात. तेथील दरबारी भाषा शिकून कोणी शांघायच्या दुकानांत गेला, तर पेशव्यांच्या दरबारांतील मायन्यानें दादरच्या मंडईंत कोथिंबीर मागितल्यासारखें होईल. तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. पडदा आपल्याशीं बोलतो, पण आपलें ऐकत नाहीं. आपला शब्द चुकला तर नायकाच्या चेहऱ्यावर आठी पडत नाहीं. कोटणीसांना जो शिक्षक लाभला, तो समोरचा जखमी माणूस. त्याची जागा कोणतेंही यंत्र घेऊं शकत नाहीं.

तर मग करावें काय? दहा मिनिटांचा एकच प्रसंग घ्यावा. प्रथम तो इंग्रजी ओळीसह पाहावा. मग कागदाची पट्टी लावून ती ओळ झांकावी व चिनी अक्षरांसह पाहावा. तिसऱ्या वेळीं डोळे मिटून ऐकावा आणि मोठ्यानें म्हणावा. आठवड्यांतून एकदां तरी, ती भाषा जाणणारा माणूस मिळेल तेथें, त्याच्याशीं प्रत्यक्ष बोलावें. एवढें करणाऱ्याचें पाहणें हा अभ्यास. न करणाऱ्याचें पाहणें ही करमणूक. आरंभीं उल्लेखिलेल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला माझें हें उत्तर आहे.

ज्या देशाशीं आपलें युद्ध झालें, ज्याच्याशीं सीमेचा तंटा अद्याप मिटलेला नाहीं, त्याची भाषा कां शिकावी, असेंही कोणी विचारील. मी म्हणतों, तंटा मिटलेला नाहीं म्हणूनच शिकावी. शत्रूचा हेतु त्याच्या शब्दांवरून कळतो आणि मित्राचाही त्यावरूनच. दुसऱ्यानें केलेल्या भाषांतरावर आपण रागावूं तेव्हां तो राग खरोखर कोणावर आहे, हेंसुद्धां आपल्याला कळत नाहीं.

चीनच्या दूरचित्रवाणीनें 'शी यौ ची', म्हणजे पश्चिमेची यात्रा, या सोळाव्या शतकांतील कादंबरीवरून केलेली मालिका पुरी केली. तींतील पश्चिम म्हणजे आपला हिंदुस्थान आणि तो यात्रेकरू म्हणजे ह्यूएनत्संगच. बरोबर एक पराक्रमी वानर आहे. त्याला पाहून आपल्याला मारुतिरायाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. ही मालिका मीं आमच्या उपनगरांतील मुलांना शिफारस करून सांगतों. खरा ह्यूएनत्संग येथून ६५७ ग्रंथ घेऊन इ. स. ६४५ मध्यें स्वदेशीं पोंचला आणि इ. स. ६६४ मध्यें देह ठेवीपर्यंत त्यांचें भाषांतर करीत राहिला. तो व त्याच्यासारखे भाषांतरकार होते म्हणूनच गोखले-बापटांना आपला हरवलेला ठेवा परत मिळूं शकला. त्यानें आपली भाषा शिकण्यासाठीं वाळवंटें आणि हिमपर्वत तुडविले. आपल्या मुलांना इंग्रजी ओळीवर कागदाची एक पट्टी तेवढी ठेवावयाची आहे.